पाच पावसाळे पडवीत उभी असलेली स्प्लेंडर, चोक काढला की बंद पडते

पडवीकर
नमस्कार मंडळी. बाबांची १९९९ ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, गुहागर तालुक्यात गावच्या घरी. मार्च २०२० मध्ये बाबांनी शेवटची चालवली, मग लॉकडाऊन लागला, मग त्यांचा गुडघा सुरू झाला आणि गाडी पडवीत जी उभी राहिली ती राहिलीच. वर गोणपाट, त्यावर फाटकी ताडपत्री, आणि सीटवर कोंबडी अंडी घालायची. असे पाच पावसाळे काढलेत तिने. मी पुण्याला असतो, या एप्रिलमध्ये महिनाभर घरून काम मागून घेतलंय आणि जाण्याआधी गाडी चालू करायचीच असं ठरवलंय.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. टाकीत तीनेक लिटर जुनं पेट्रोल होतं, ते काढलं, रंग काढ्यासारखा आणि वास पेट्रोलचा नाहीच, वार्निशच्या जुन्या डब्याचा. कॅनमध्ये भरून बाजूला ठेवलंय. प्लग काढून आत इंजिन ऑइलचे चार थेंब सोडले, किक हाताने हळूहळू फिरवून बघितली, इंजिन मोकळं आहे. ऑइल बदललं, प्लग नवीन, दोन लिटर ताजं पेट्रोल. तीस-चाळीस किका मारल्यावर चोक लावून सुरू झाली, पडवीत सगळे जमले, आईने नारळ आणायला घेतला आणि मी चोक काढला तशी बंद. तेव्हापासून हेच. चोक अर्धा ठेवून रेस देत राहिलं तर चालते, रेस सोडली की मेली.

नाक्यावरच्या फिटरकडे पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर नेला, त्याने खोलला, हवा मारली, परत बसवला, फरक शून्य. म्हणाला कार्बोरेटर गेला, नवीन टाका. बाबा म्हणतात गाडीला काही झालेलं नाही, तुला किक मारता येत नाही. खरं कोणाचं?

सरळ_बोलतो
भंगारात द्या आणि इलेक्ट्रिक घ्या. पंचवीस वर्षं झाली गाडीला. भावना वगैरे ठीक आहे पण किती खर्च करणार?

पडवीकर
आतापर्यंत नऊशे रुपये झालेत साहेब, त्यात इंजिन ऑइल पण आलं.

दहा_अकरा_पाना
कार्बुरेटर गेला म्हणजे कुठं गेला, मुंबईला? भावा, तीस वर्षं कोल्हापुरात हेच काम करतोय, कार्ब असा सहजासहजी जात न्हाई. स्प्लेंडरचा तर न्हाईच.

नीट ऐक. चोक म्हणजे काय तर हवेच्या तोंडावरचं झाकण. झाकण लावलं की हवा कमी आत जाती आणि पेट्रोल जास्त ओढलं जातंय. आता चोक लावल्यावर चालती आन काढल्यावर मरती ह्याचा अर्थ एकच, पेट्रोल कमी पडतंय न्हाईतर कुठनं तरी फुकटची हवा आत शिरतीय. दोनच गोष्टी. तिसरी नाही. पण लगेच कार्ब खोलायला बसू नको, टाकीपासनं खाली ये. पेट्रोलची नळी कार्बवरनं काढ, बाटलीत सोड, टाकीखालचा नळ म्हणजे कॉक, तो ऑनवर आन मग रिझर्व्हवर, दोन्हीवर बघ. अर्ध्या मिनिटात चहाचा कप भरंल अशी धार पाहिजे, थेंब थेंब नको. मग कार्बच्या खालच्या वाटीला एक स्क्रू असतोय तो सैल कर, वाटीतलं पेट्रोल खालच्या नळीनं भसकन आलं पाहिजे.

आणि हे सगळं पडवीत उघड्यावर, इंजिन गार असताना. बिडी, देवघरातला दिवा, पिवळा बल्ब काही जवळ नको. माझ्याकडं काम शिकायला आलेल्या पोराच्या भुवया गेल्यात, म्हणून सांगतोय.

आरएक्स९६
स्प्लेंडर आहे म्हणून वाचलात. माझी यामाहा आरएक्स१०० तीन वर्षं उभी होती, कार्ब तर साफ करावाच लागला पण क्रँकची सीलं पण कडक झाली होती, टू-स्ट्रोकला तिथून हवा घेतली की कार्ब कितीही साफ करा काही होत नाही. चार महिने घालवले मी त्यात. पण आवाज!!! शेवटी सुरू झाली तेव्हा सगळी सोसायटी गॅलरीत.

दहा_अकरा_पाना
झालं, आरएक्सवाले आले. आता आवाजावर दोन पानं.

पडवीकर
पानाकाका, केलं तुम्ही सांगितलं तसं. नवीन पेट्रोल ओतताना बघितलं, झाकण उघडंच होतं. ऑनवर मोजून थेंब थेंब. रिझर्व्हवर जरा बरी धार पण लालसर. वाटीचा स्क्रू सैल केला तर काहीच आलं नाही! कार्बखालची नळी काढून फुंकली तर फुंकर जाईना. तार घालून बघितलं तर आत माती. कुंभारीण माशीने नळीत घर केलं होतं, दीड इंच माती गच्च, आतून वाळलेल्या अळ्या पण निघाल्या. बायको दोन दिवस माझ्या जवळ बसत नाहीये.

चाकणकरीण
कुंभारीण! हे मी पहिल्यांदा नाही ऐकत. गाडी उभी करायची तर सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबायचं आणि बाहेर दिसायला एक लाल चिंधी सोडायची, म्हणजे विसरत नाही. लोंबणाऱ्या नळ्यांवर जाळीचं कापड रबरबँडने. एअर फिल्टरचा डबा पण उघडून बघा, जुन्या स्प्लेंडरला तेलात भिजवलेला स्पंज असतो, पाच वर्षांत त्याचा भुगा होतो आणि तो भुगा थेट कार्बमध्ये जातो. उंदराचं बिऱ्हाड पण तिथेच सापडतं.

मी सहा वर्षं कार्बच्या कारखान्यात काम केलंय. एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब गेला, त्यामुळे आता आमचं ज्ञान धाग्यांपुरतंच उरलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते, सहन करा.

पेट्रोल म्हणजे एकच एक द्रव नाही, हलके-जड असे बरेच घटक असतात. हलके आधी उडून जातात, त्यांच्यामुळेच गार इंजिन पेटतं. मागे जे राहतं ते हवेशी संयोग पावून डिंकासारखं होतं आणि वाटीच्या तळाला, जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोट्या, त्यांच्या भोकांत चिकटून वाळतं. त्यात इथेनॉल. २०२० च्या पेट्रोलमध्येही थोडं होतंच, आता पंपावर २० टक्के असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, कोकणात तर काय चार महिने हवाच पाण्याची. ठरावीक मर्यादेच्या वर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात, आणि टाकीचा आणि वाटीचा तळच नेमका गंजतो. तुमच्याकडचं ते जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून तासभर ठेवा, दोन थर दिसले तर समजा.

आता तुमचं दुखणं. कार्बमध्ये पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या. रेस सोडलेली असताना आणि मूठ जेमतेम पाव फिरेपर्यंत स्लो जेटचं राज्य. मधल्या टप्प्यात सुईचं. पाऊण मुठीच्या पुढे मेन जेटचं. तुमची गाडी रेस दिली की चालते आणि सोडली की मरते, म्हणजे स्लो जेट. त्याचं भोक मिलीमीटरच्या साधारण तीन-चार दशांश असतं, शिवणाच्या सुईपेक्षा बारीक. नुसती हवा मारून वाळलेला डिंक निघत नाही, फिटरदादांनी जेट बाहेर काढून उजेडात धरला होता का हे विचारा.

पडवीकर
ताई, विचारलं. म्हणाला स्लो जेट घट्ट होता म्हणून काढला नाही, जागेवरच हवा मारली.

दहा_अकरा_पाना
हां. आलं ध्यानात.

पेचकस बरोब्बर मापाचा घे, खाचेत गच्च बसणारा. पितळ मऊ असतंय, लहान पेचकसानं खाच गेली की मग खरंच कार्ब गेला. घट्ट असंल तर कार्ब क्लिनर मारून रात्रभर ठेव, सकाळी सुटतंय. हवा कमीजास्त करायचा एअर स्क्रू काढायच्या आधी आत पूर्ण बसवून किती फेरे होतात ते मोज आन भिंतीवर लिहून ठेव. हलक्या हातानं बसव, टोक चेपलं तर संपलं. खोलताना एकेका गोष्टीचा मोबाइलवर फोटो. रबराचं, प्लास्टिकचं सगळं आधी बाजूला काढ, क्लिनर लागला की फुगतंय.

आन जेटात खराट्याची काडी घालायची नाही. मोडती आत. माझ्या हातनं मोडलीय.

चाकणकरीण
स्टीलची तार पण नको, भोक मोठं होतं. वायरमधला तांब्याचा एकच धागा चालतो, किंवा ब्रशचा नायलॉनचा केस. आणि जवळपास सोनार असेल तर बघा, दागिने साफ करायचं थरथरणारं मशीन असतं ना त्याच्याकडे, तेच काम इथे पण करतं. फक्त पेट्रोलचा अंशही राहू देऊ नका, साबणाच्या पाण्याने आधी धुवून मगच द्या.

बर्फाळ_डेट्रॉइट
इथे आमच्याकडे हे दर वर्षीचं आहे. नोव्हेंबरात मोटारसायकल झाकायची, एप्रिलमध्ये उघडायची. टाकी काठोकाठ भरून त्यात स्टॅबिलायझर टाकतात आणि वाटी रिकामी करतात. गवत कापायच्या मशीनचं तर मी कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बमध्ये काही उरतच नाही. पण कुंभारीण माशीचं मात्र नवीन.

पडवीकर
फोटो टाकलेत. जेट सुटला, रात्रभर भिजवून. उजेडात धरला तर अंधार, मेन जेटमधून निदान चंद्रकोर दिसत होती. दोन्ही जेट हिरवेगार कळकलेले, वाटीत तळाला पांढरी भुकटी आणि मधासारखा चिकट थर.

आता गंमत. मी क्लिनर आणायला शृंगारतळीला गेलो तेवढ्यात आईने जेट बघितले आणि समईबरोबर आमसुलाच्या पाण्यात टाकले. म्हणाली पितळच आहे ना. मी येईपर्यंत ते देवघरात समईशेजारी चकचकीत मांडलेले. भोक पण मोकळं झालं, तांब्याचा धागा घातला तर आरपार. चाकणकरीण ताई, काही बिघडलं तर नाही ना?

चाकणकरीण
😂 काही नाही बिघडलं. पितळेचा कळंक आंबटाने जातोच, पाच-दहा मिनिटं ठीक. साध्या पाण्याने धुवून सुकवा म्हणजे झालं. फक्त कार्बची बॉडी आमसुलात घालू नका, ती वेगळ्या मिश्रधातूची, तिला आंबट खातं. आईंना नमस्कार सांगा, कारखान्यात आम्हाला हे सुचलं नव्हतं.

दहा_अकरा_पाना
वाटीच्या वरची सुई पण बघ, तिच्या टोकाला रबर असतंय, त्यावर गोल खड्डा पडला असंल तर बदल. न्हाईतर पेट्रोल थांबत नाही, ओव्हरफ्लो. वाटीत तरंगणारा फ्लोट कानाशी धरून हलव, आत पेट्रोल वाजलं तर तो भोक पडलेला. आन टाकी साफ केल्याशिवाय कार्ब बसवलास तर आठ दिवसात परत इथंच येशील. कॉक उतरवून त्याची जाळी बघ.

पडवीकर
सुई बदलली, फ्लोट चांगला. कॉकच्या जाळीवर लाल चिखलाचा गोळा होता. टाकीच्या आत टॉर्च मारून बघितलं तर आमच्या विहिरीच्या कड्यासारखा रंग.

टाकी साफ करण्याचा कार्यक्रम दोन दिवस चालला. कॉक काढून तिथे बूच ठोकलं, किराणावाल्याकडून अर्धा किलो लिंबूसत्व आणलं, कोमट पाण्यात विरघळवून भरलं, वाळूतले चाळलेले बारीक खडे मूठभर टाकले आणि मी आणि शेजारचा पोरगा, दोघांनी मिळून टाकी पाळण्यातल्या बाळासारखी हलवली. पहिल्यांदा झाकणातून अंगावर सगळं गळलं, मग त्याचा बंदोबस्त केला, मग निवांत रात्रभर उलटसुलट करून ठेवली. सकाळी पाणी काळंकुट्ट. धुतली, खायच्या सोड्याच्या पाण्याने एकदा फिरवली, परत धुतली, उन्हात तोंड वर करून ठेवली आणि सुकल्याबरोबर पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल घालून आतून खळबळून घेतली, नाहीतर तासाभरात परत तांबडी होते असं कुठेतरी वाचलं होतं. आता आत चांदी. खडे मोजून टाकले होते, मोजून काढले. (एक कमी भरला. मग शेजारच्या पोराच्या खिशात सापडला.)

कॉकला नवीन जाळी, नवीन नळी, मध्ये पारदर्शक फिल्टर. उद्या बसवतो.

आरएक्स९६
फिल्टर बसवताना नळीला वर चढ येऊ देऊ नका, पेट्रोल नुसतं वजनाने खाली येतं, पंप नाहीये. नळी टाकीपासून कार्बपर्यंत उतरतीच पाहिजे. (बघा पाना, आवाजाबद्दल काही बोललो नाही.)

पडवीकर
बसवली. दुसऱ्या किकेत सुरू!! चोक काढला तरी चालू!!! आईने नारळ फोडला.

पण, आणि हा पण मोठा आहे, रेस आपोआप वर चढते. सुरुवातीला शांत, मग गरम झाली की गुंईंईं करत वर जाते, रेसचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी खाली येत नाही. मूठ मोकळी आहे, केबल तपासली. बाबा म्हणाले बंद कर, पिस्टन बाहेर येईल.

दहा_अकरा_पाना
मुठीनं कार्बात वरखाली होणारी स्लाइड बरोबर बसलीय का? कापलेली बाजू एअर फिल्टरकडं, आन स्लाइडचा गाळा आतल्या पिनेवर. उलटी बसली तर ती पूर्ण खाली येत न्हाई.

पडवीकर
बरोबर बसलीय काका, फोटोशी ताडून बघितली.

चाकणकरीण
मग पानाकाकांनी पहिल्या दिवशी सांगितलेली दुसरी गोष्ट, फुकटची हवा. स्लो जेट साफ झाला म्हणून आता ती उघडी पडली, आधी दोन दुखणी एकमेकांत मिसळली होती. कार्ब इंजिनला जिथे दोन बोल्टांनी बसतो तिथे मध्ये एक काळा ठोकळा आणि रबराची ओ-रिंग असते. इंजिन गार असतानाच सुरू करा आणि लगेच त्या सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. आवाज बदलला, किंवा फेस आत ओढला गेला, की सापडलं. क्लिनरचा फवारा मारून पण बघतात लोक पण तापलेल्या सायलेन्सरजवळ मी तो सल्ला देणार नाही.

दहा_अकरा_पाना
हेच. आन तो फिटर म्हणाला होता ना नवीन टाका, त्यानंच बोल्ट आवळले असतील जोर लावून. जास्त आवळलं की कार्बचा बोल्टाचा कान वाकतो, मधे फट. कार्ब काढ, त्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धर आन उजेडाकडं बघ.

पडवीकर
पट्टी धरली, मधोमध उजेड. साबणाच्या पाण्याने तर इंजिनचा आवाजच बदलला, वरची बाजू फेस ओढत होती. ओ-रिंग चपटी होऊन कडक प्लास्टिक झालेली.

दहा_अकरा_पाना
खिडकीची जाड काच घे, सपाट. त्यावर बारीक पॉलिश पेपर चिकटव, पाणी मार, आन कार्बचं तोंड त्यावर आठाच्या आकड्यात फिरव. जोर लावायचा नाही. सगळीकडनं सारखी चमक आली की थांब. पावडर धुवून काढ नीट. नवीन ओ-रिंग, आन बोल्ट दोन्ही बाजूला थोडे थोडे, आलटून पालटून. छोट्या पान्यानं, दोन बोटांनी.

पडवीकर
झालं! रेस खाली आली, डुगडुग डुगडुग, एकदम शांत. पडवीत वीस मिनिटं चालू ठेवली, मूठ सोडून. बाबा खुर्ची टाकून ऐकत बसले होते. प्लग काढून बघितला, बिस्किटाचा रंग, म्हणजे पेट्रोल-हवा बरोबर. टाकीत पेट्रोल भरून घेतलंय, आठेक लिटर. उद्या सकाळी पहिली फेरी. सगळ्यांचे मनापासून आभार, धागा इथेच बंद करतो.

सरळ_बोलतो
अभिनंदन. एकूण किती झाले?

पडवीकर
बावीसशे चाळीस. नारळ धरून.

पडवीकर
धागा परत उघडतोय 😔

शृंगारतळीला निघालो, मस्त चालली होती, पाचेक किलोमीटरवर चढावर एकदम पेट्रोल संपल्यासारखी झाली, दोन आचके आणि बंद. किका मारून मारून पाय गेला. दहा मिनिटं झाडाखाली बसलो, परत मारली तर सुरू. तीन किलोमीटरवर परत तेच. घरी येईपर्यंत चार वेळा. पडवीत मात्र तासभर चालू ठेवली तरी काही नाही. आता काय?

आरएक्स९६
प्लगला करंट देणारी कॉइल. गरम झाली की करंट द्यायचं सोडते, गार झाली की परत देते. शंभर टक्के.

दहा_अकरा_पाना
कॉइल असू शकती. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ती पण बघ, पाच वर्षांनी एकदा बघायलाच पाहिजे, ०.०५ मिमी ठेवायचं, गार इंजिनवर. पण आधी पुढच्या वेळी बंद पडली की जागेवरच प्लग काढून करंट बघ. आन वाटीचा स्क्रू सैल कर. ह्या दोन गोष्टी रस्त्यावरच करायच्या, घरी येऊन नाही. प्लग बघताना भोकापासनं लांब हेडला टेकव, आन वाटी बघायची ती करंट बघून झाल्यावर.

बर्फाळ_डेट्रॉइट
उन्हाळा आहे, २० टक्के इथेनॉल आहे, नळीत वाफ धरत असेल का? नळी इंजिनला टेकतेय का?

चाकणकरीण
नळी मोकळी असेल तर शंका कमी, उघडं, हवेवर गार होणारं छोटं इंजिन आहे. मेन जेटमध्ये कचरा म्हणावं तर मग दहा मिनिटं बसून तो बाजूला कसा होतो? पानाकाकांची चाचणी करा, तिथून पुढे बोलू.

पडवीकर
केली. आज मुद्दाम गेलो, पाना, पेचकस, बाटली सगळं घेऊन. त्याच चढावर बंद. प्लगला करंट निळा, कडक. वाटीचा स्क्रू सैल केला, आठ-दहा थेंब आले आणि थांबलं. पारदर्शक फिल्टर जवळजवळ रिकामा. टाकीत सात-साडेसात लिटर पेट्रोल हलतंय, मला ऐकू येतंय! कॉक रिझर्व्हवर केला तरी तेच. एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती, ती म्हणाली पेट्रोल संपलं काय. मी म्हटलं नाही हो, आहे, पण येत नाही.

दहा_अकरा_पाना
कॉक परत खोल. जाळी परत भरली असंल.

पडवीकर
खोलला काका. स्वच्छ आहे. काढताना भसाभस पेट्रोल आलं, हातावर सगळं.

आरएक्स९६
काढताना येतं आणि चालवताना येत नाही? भुताटकी आहे ही. कोकण आहे बाबा, नारळ कमी पडला.

नुसता_वाचक
नमस्कार. बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय, मेकॅनिक वगैरे नाही, बँकेतून निवृत्त. पडवीकर, टाकी साफ केली त्या दिवशी तुम्ही लिहिलंय, झाकणातून अंगावर गळलं म्हणून त्याचा बंदोबस्त केला. कसला बंदोबस्त केला होता?

पडवीकर
झाकणाच्या आतल्या बाजूला एक बारीक भोक होतं, तिथून गळत होतं. एम-सील लावलं.

पडवीकर
अरे देवा.

दहा_अकरा_पाना
😂😂😂 आरं लेका

चाकणकरीण
आणि मी सहा वर्षं कारखान्यात होते म्हणून वर सांगितलं. आणि कॉक काढला तेव्हा हवेला मोठं भोक मिळालं म्हणून भसाभस. धन्य.

ज्यांना प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी. टाकीतून पेट्रोल खाली जायचं तर तेवढीच हवा वरून आत यायला हवी, ते भोक त्यासाठीच असतं. भोक बंद म्हणजे पेट्रोल जाईल तशी आतली हवा विरळ होत जाते आणि एका क्षणी ती पेट्रोलला वर धरून ठेवते. पाण्याने भरलेली बाटली उलटी धरली की पाणी अडत अडत येतं, तसं. टाकीपासून कार्बपर्यंत उंची वीतभराहून थोडी जास्त, त्यामुळे फार थोडी विरळ झाली तरी पुरते. टाकी जवळजवळ भरलेली, वर हवा अडीच-तीन लिटर. मी कागदावर मांडून बघितलं, अंदाजे पन्नास ते शंभर मिली पेट्रोल गेलं की प्रवाह थांबायला हवा, आणि स्प्लेंडर तेवढ्यात जाते साधारण तीन ते सहा किलोमीटर. तुमचा चढ तिथेच आहे! पडवीत नुसती डुगडुगत असताना पेट्रोल इतकं कमी जातं की सांध्यांतून झिरपणारी हवा पुरत असणार. आणि झाडाखाली दहा मिनिटांत तेच होत होतं.

पेट्रोलची धार तुम्ही तपासली होती पण झाकण उघडं ठेवून, आणि एम-सीलच्या आधी. मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

पडवीकर
सुईने एम-सील खरवडून काढलं, भोकातून फुंकर जाते आता. आधी काय केलं तर तसंच बंद झाकण लावून मुद्दाम गेलो, बंद पडल्यावर झाकण उघडलं, आतून सुस्स असा आवाज आला, फिल्टर माझ्या डोळ्यांदेखत भरला. मग भोक मोकळं करून शृंगारतळी, तिथून मोडकाआगर, परत घरी, एकदाही नाही.

संध्याकाळी बाबांनी चालवली. गुडघ्याला पट्टा बांधून, अंगणातून बाहेर नाक्यापर्यंत आणि परत. उतरून म्हणाले, मी म्हटलं होतं ना गाडीला काही झालेलं नाही.

वाचककाका, पुण्याला आलात तर चहा माझ्याकडून.

नुसता_वाचक
अहो आमच्या बजाजच्या एम-ऐंशी गाडीला मी १९९४ साली पेट्रोलच्या झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून घातला होता, पेट्रोल उडतं म्हणून. दोन महिने ऑफिसला बसने गेलो. म्हणून लक्षात आलं.

सरळ_बोलतो
पंधरा वर्षांवरची गाडी आहे, आरसीचं नूतनीकरण केलंय का? रस्त्यावर काढताय म्हणून विचारतो.

पडवीकर
२०१९ ला केलं होतं, पाच वर्षांचं, ते गेल्या वर्षी संपलं. उद्याच चिपळूणला चौकशी करतो, तोवर आजपासून अंगणातच. इन्शुरन्स काल काढला, तो आधी काढायला हवा होता हे मान्य.

बर्फाळ_डेट्रॉइट
आणि पुण्याला परत जाताना? परत पडवीत?

पडवीकर
शेजारच्या पोराला काम लावलंय. कागद होईपर्यंत दर रविवारी अंगणात सुरू करून दहा चकरा, कागद झाले की बाबांना मागे बसवून बाजार. जून ते सप्टेंबर फेरी जमली नाही तर कॉक बंद करून कार्बमधलं संपेपर्यंत चालू ठेवायची, नळ्यांना जाळी, सायलेन्सरला लाल चिंधी. कोंबडीला दुसरी जागा बघून दिलीय, ती अजून रोज सीटवरच येते.

आरएक्स९६
विषय निघालाच आहे तर, माझी आरएक्स गेले दोन आठवडे सकाळी चोक काढला की...

दहा_अकरा_पाना
नवीन धागा काढ.